खांब कुठे उभा करायचा?

आम्ही नेकनूरच्या बचत गटातल्या बाया. आज आम्ही तुम्हाला एका वादाचा इतिहास सांगणार आहोत. वाद आमच्याच गटात सुरू झाला. पुढं माहिती काढली तेव्हा कळलं, तो फार जुना आहे आणि मोठमोठ्या शहरांत होऊन गेलेला आहे.

झालं असं. नोव्हेंबरात आमच्या गटातल्या एका मावशींना लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी करायची होती. आधारला नंबर लेकाचा जोडलेला, आणि लेक-सून ऊसतोडीला गेलेली. मावशी सेंटरवर बसायच्या, ओटीपी जायचा लेकाच्या फोनवर, आणि लेक उसाच्या फडात. फोन कोपीवर, नाहीतर चार्जिंग उतरलेलं. तीन हेलपाटे झाले, तीन दिवसांची मजुरी बुडाली. हप्ता गोळा करायला बसलो तेव्हा हाच विषय निघाला. एक जण म्हणाली, "शहरात फुकट वायफाय असतं म्हणे. आपल्या गावातपण बसवायला सांगू." दुसरी म्हणाली, "आधी पाणी, रस्ता, लाईट. मग नेट." तिसरी म्हणाली, "पोरं रात्रभर पारावर मोबाईल घेऊन बसतील, त्याचं काय?" आवाज चढले. शेवटी ठरलं, भांडायच्या आधी माहिती काढू. सरकारनं किंवा नगरपालिकेनं असं नेट कुठं दिलं, आणि पुढं त्याचं काय झालं?

सुरुवात रेडिओपासून करू, कारण वायफाय म्हणजे छोटा रेडिओच. डबीतून लहरी निघतात आणि फोन त्या पकडतो. त्या शे-दीडशे फूट जातात, भिंत आडवी आली की कमी. आणि डबी नुसती टांगून भागत नाही, तिच्यापर्यंत नेट आणणारी तार लागते.

१९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतली १५० गावं घेतली. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात शेतकऱ्यांसाठी २० कार्यक्रम लावले. गावातली मंडळी एकत्र बसून ऐकायची, ऐकून झालं की त्यावर चर्चा करायची. आपलं बीड तेव्हा हैदराबाद राज्यात होतं, त्यामुळे आपण त्यात नव्हतो. पण प्रयोग गाजला, गावांना फायदा झाला असं अभ्यासकांनी नोंदवलं, आणि पुढं देशभर अशी श्रोता मंडळं निघाली. आम्हाला मात्र एकच प्रश्न पडला. रेडिओ सगळ्या गावाचा, कार्यक्रम संध्याकाळचा. त्या वेळी चुलीपुढं बसलेली बाई तिथं जाणार कशी? वस्तू सगळ्यांची असली तरी ती ठेवली कुठं आणि चालू कधी, यावरून ठरतं की ती कुणाची.

पुढची महत्त्वाची गोष्ट १९९५ सालची. क्रिकेटचे सामने टीव्हीवर कुणी दाखवायचे, यावरून सुप्रीम कोर्टात खटला चालला होता. निकाल देणाऱ्यांत आपले मराठी न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. कोर्टानं सांगितलं, हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकांच्या हितासाठी झाला पाहिजे. त्या निकालाचा आधार घेऊन पुढं लोकांनी आपल्या रेडिओसाठी आवाज उठवला. २००६ साली सामाजिक संस्थांना रेडिओ केंद्र चालवायची परवानगी मिळाली. २००८ साली सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग सुरू झालं. आज आपल्यासारख्या बाया माईकपुढं बसतात, त्याच्यामागं हा सगळा इतिहास आहे. मधे २००५ साली वायफायच्या लहरींनाही लायसनची अट राहिली नाही. म्हणजे डबी लावायला परवाना नको. मग गावोगाव आणि शहरोशहरी एकच प्रश्न उभा राहिला, ही डबी कुणी लावायची?

महाराष्ट्रात पहिलं मोठं पाऊल पुण्यानं टाकलं. २००६ साली पुणे महानगरपालिकेनं इंटेल कंपनीला सोबत घेऊन 'अनवायर पुणे' नावाचा प्रकल्प जाहीर केला. अख्खं शहर बिनतारी नेटखाली आणायचं, असा बेत होता. अशी योजना आली की दोन बाजू पडतातच. एक बाजू म्हणते, नळाचं पाणी, रस्त्यावरचा दिवा, तसं नेट. ज्याला परवडत नाही त्यालाही मिळालं पाहिजे, म्हणून ते पालिकेनं द्यावं. दुसरी बाजू म्हणते, पालिकेचं हे काम नाही. यंत्र दोन वर्षांत जुनं होतं, कराचा पैसा त्यात का घालायचा? मैत्रिणींनो, आमच्या गटात झालं ते हेच भांडण. पुण्यात काही भागांत काम झालं, पण शहरभर जाळं काही उभं राहिलं नाही.

हेच अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात झालं होतं. २००४ साली तिथल्या महापौरांनी जाहीर केलं की सगळ्या शहराला स्वस्त वायफाय देऊ. नेट विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांना ते आवडलं नाही. त्याच वर्षी तिथल्या राज्यात कायदा झाला की पालिकांनी पैसे घेऊन नेट पुरवायचं असेल तर आधी तिथल्या टेलिफोन कंपनीला विचारायचं. फिलाडेल्फियाला त्यातून सवलत मिळाली. शहरानं काम अर्थलिंक नावाच्या कंपनीला दिलं. पण भिंतीआड लहरी पोचेनात, गिऱ्हाईक कमी पडलं, आणि २००८ साली कंपनीनं काढता पाय घेतला.

त्याच देशात चॅटनूगा नावाचं शहर आहे. तिथं वीज शहराच्याच मालकीच्या मंडळाची. त्या मंडळानं घरोघर फायबरची तार नेली आणि २०१० पासून देशातलं सगळ्यात वेगवान नेट द्यायला लागलं. ते आजही चालू आहे. फरक कशात? त्या मंडळाकडं खांबावर चढणारा वायरमन आधीपासून होता, बिल वसूल करणारा माणूस होता, तक्रार ऐकणारा होता. नारळ फोडायला सगळे असतात. दोन वर्षांनी डबी बंद पडल्यावर शिडी घेऊन कोण येणार, यावर सगळं अवलंबून.

आता ओटीपीची गोष्ट, कारण मावशींचं घोडं तिथंच अडलं होतं. २००८ साली जुलै महिन्यात अहमदाबादला बाँबस्फोट झाले. त्याची धमकी देणारा ईमेल नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका परदेशी माणसाच्या वायफायवरून गेला होता. त्याला कुलूप म्हणजे पासवर्ड नव्हता, कुणीतरी परस्पर वापरलं. मग २००९ च्या फेब्रुवारीत केंद्राच्या दूरसंचार खात्यानं नियम काढला, सार्वजनिक वायफाय वापरणारा कोण आहे याची नोंद पाहिजे. म्हणून आज स्टेशनवर किंवा स्टँडवर वायफाय लावलं की आधी मोबाईल नंबर मागतात आणि ओटीपी येतो. नियम सुरक्षेसाठी झाला, त्याची गरज होती. पण त्याचा एक परिणाम असा की फुकट वायफायसाठीसुद्धा आपल्या हातात, आपल्या नंबरचा फोन लागतो.

आणि तोच तर आपल्याकडं नसतो. २०१९ ते २१ या काळात सरकारची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. त्यात देशातल्या दर १०० पुरुषांमागे ५७ जणांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं. बायकांमध्ये १०० तल्या ३३. खेड्यातल्या बायका घेतल्या तर १०० तल्या २५ सुद्धा नाहीत. फुकट म्हणजे सगळ्यांसाठी, हे खरं नाही. रस्ता फुकट आहे म्हणून चप्पल नसलेल्या पायाला काटा टोचायचा राहत नाही.

पुढं २०१६ आलं. जानेवारीत मुंबई सेंट्रल स्टेशनवर रेल्वेच्या रेलटेलनं गुगलच्या मदतीनं फुकट वायफाय सुरू केलं. २०१८ पर्यंत देशातली ४०० स्टेशनं झाली. स्पर्धा परीक्षेची पोरं स्टेशनवर बसून अभ्यास उतरवून घ्यायची. राज्य सरकारनं २०१७ च्या जानेवारीत 'आपले सरकार मुंबई वायफाय' सुरू केलं, पहिल्या टप्प्यात ५०० ठिकाणी. पुण्यानंही २०१८ साली पुन्हा हात घातला. या वेळी गुगलला सोबत घेऊन बागा, दवाखाने, पालिकेच्या कचेऱ्या अशा ठिकाणी डब्या लावल्या. पण २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं होतं आणि मोबाईलचं नेट एकदम स्वस्त झालं होतं. २०२० च्या फेब्रुवारीत गुगलनं जाहीर केलं की आता लोकांकडं स्वस्त नेट आहे, आम्ही हे काम थांबवतो.

आणि पुढच्याच महिन्यात लॉकडाऊन लागलं, शाळा मोबाईलवर आल्या. ज्या घरात एक फोन आणि तीन लेकरं, तिथं फोन कुणाच्या हातात गेला, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. बहुतेक घरांत मुलीची पाळी शेवटी आली. मोबाईलचं नेट स्वस्त झालं म्हणून सार्वजनिक नेटची गरज संपली, असं म्हणणाऱ्यांनी त्या दिवसांत खेड्यात येऊन बघायला पाहिजे होतं.

२०२० च्याच डिसेंबरात केंद्र सरकारनं पीएम-वाणी योजना मंजूर केली. तिची कल्पना आपल्या ओळखीची आहे. पूर्वी पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ असायचा ना, तसं. किराणा दुकानदार, चहावाला, कुणीही आपल्या दुकानात डबी लावायची आणि थोडं थोडं नेट विकायचं, पाच-दहा रुपयांचंसुद्धा. त्यासाठी लायसन लागत नाही. बचत गटालाही हे करता येतं. पण मागची तार आलेली पाहिजे. तारेसाठी केंद्रानं २०११ सालीच ठरवलं होतं की प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत फायबर न्यायची. त्याच योजनेला आता भारतनेट म्हणतात.

आपल्या राज्यातला आणखी एक प्रयोग जाता जाता सांगतो. पालघर जिल्ह्यातल्या गावांत मुंबईच्या आयआयटीनं 'ग्राममार्ग' प्रकल्प केला. प्राध्यापक अभय करंदीकर त्याचे प्रमुख होते. टीव्हीच्या रिकाम्या लहरी वापरून गावांपर्यंत नेट कसं नेता येईल हे त्यांनी करून पाहिलं. त्यांच्या विचारात सरकार आणि कंपनी यांच्याबरोबर ग्रामपंचायतही भागीदार होती, आणि देखभाल गावातल्याच माणसानं करायची होती. चॅटनूगाचा वायरमन आणि पालघरचा गावकरी, दोन्हीकडची शिकवण एकच.

हे सगळं गटात वाचून दाखवलं तेव्हा आधी वाद घालणाऱ्या तिघीही थोड्या थोड्या बदलल्या. "आधी पाणी" म्हणणारी म्हणाली, पाणी पाहिजेच, पण आता नळाची तक्रारसुद्धा मोबाईलवरच करायला सांगतात. पोरांची काळजी करणारी म्हणाली, मग डबी पारावर लावूच नका. आणि मूळ मुद्दा तोच निघाला. पालिका विरुद्ध कंपनी, फुकट विरुद्ध विकत, यावर शहरांत वीस वर्षं वाद झाला. खांब कुठं उभा करायचा आणि त्याच्याखाली कोण उभं राहू शकेल, हे फारसं कुणी विचारलं नाही. पारावर, स्टँडवर, पानटपरीजवळ डबी लागली तर ती पुरुषांचीच झाली. आपली सून तिथं दहा मिनिटं फोन घेऊन उभी राहिली तर संध्याकाळपर्यंत गावभर चर्चा.

खोटं कशाला बोलायचं, वायफाय असतं तरी मावशींचा ओटीपी लेकाच्याच फोनवर गेला असता. त्यावर उपाय म्हणजे आपला नंबर आपल्या आधारला जोडणं. ते काम आम्ही गटानं हातात घेतलंय, दर आठवड्याला दोघी-दोघींना घेऊन सेंटरला जातो. पण नंबर आपला झाल्यावर रिचार्ज संपला की पुन्हा गाडी अडते. तिथं सार्वजनिक नेटचा उपयोग आहे.

मैत्रिणींनो, आपल्या राज्यात कायद्यानं ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. आम्ही तिथं मांडायला चार प्रश्न गटाच्या रजिस्टरवर लिहून ठेवलेत. तुम्हीही लिहून घ्या. एक, डबी कुठं लावणार? अंगणवाडी, दवाखाना, शाळा किंवा गटाची खोली, जिथं बाई बिनधास्त बसू शकेल तिथं लावा. दोन, महिन्याचं बिल कोण भरणार, आणि पाच वर्षांनी कोण? तीन, बिघडलं तर दुरुस्ती कुणी करायची? गावातल्याच एखाद्या मुलीला ते शिकवा आणि मेहनताना द्या. चार, जिच्याकडं फोन नाही तिच्यासाठी तिथं एखादा फोन किंवा कॉम्प्युटर आणि मदतीला माणूस ठेवणार का?

मावशींची ई-केवायसी शेवटी चौथ्या खेपेला झाली. लेकानं त्या दिवशी फोन फडात सोबत नेला होता. आता त्यांनी स्वतःचं सिम घेतलंय. नंबर त्यांना अजून पाठ नाही, म्हणून तो पदराच्या गाठीत चिठ्ठीवर असतो. महिला सभेत पहिला प्रश्न त्याच विचारणार आहेत.