ऊस, खोडवा आणि काणी : महाराष्ट्रातील एका पीकरोगाचा इतिहास

महाराष्ट्रातील उसाचा इतिहास बहुधा कालवे, कारखाने आणि सहकार यांच्या अंगाने लिहिला गेला. नीरा डावा कालवा (१८८५) आणि प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना (१९५०) हे त्यातील ठळक टप्पे होत. परंतु ऊस हे मुळात बहुवर्षीय गवत आहे आणि एकाच लागणीवर पुढील पिके घेण्याची खोडव्याची पद्धत याच गुणावर उभी आहे, ही बाब या लेखनात दुय्यम ठरली. काणी रोगाचा इतिहास नेमका तेथून सुरू होतो.

काणीग्रस्त उसाच्या शेंड्यातून चाबकासारखा लांब काळा पट्टा बाहेर पडतो. त्यावरील रुपेरी पापुद्रा फाटला की काळी भुकटी, म्हणजे बुरशीचे असंख्य बीजाणू, वाऱ्याबरोबर पसरतात. ते डोळ्यावर रुजतात. तोच डोळा बेणे म्हणून लावला की रोग नव्या शेतात जातो. बेट उपटले नाही तर बुरशी बुडख्यात टिकते आणि खोडव्यात अधिक जोमाने प्रकटते. शेतकऱ्याचा पेच येथेच आहे. खोडव्याला नवे बेणे लागत नाही, पूर्वमशागत वाचते. म्हणूनच रोगट बेट खणून जाळण्यास त्याचा हात सहजासहजी धजत नाही. या संकोचाला अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल.

या रोगाची पहिली नोंद १८७७ साली दक्षिण आफ्रिकेतील नाताळ येथे झाली. बुरशीच्या नावाचा घोळ मात्र दीर्घकाळ चालला. सिडो यांनी १९२४ मध्ये तिला ‘उस्टिलागो सायटामिनिया’ हे नाव दिले, तर उसावरील काण्यांचे वर्गीकरण बा. बा. मुंडकूर यांनी १९३९ मध्ये तपासले. आज ती ‘स्पोरिसोरियम’ या प्रजातीत गणली जाते.

दख्खनच्या कालव्यांवर आरंभी पुंड्या ऊस होता. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या पाडेगाव संशोधन केंद्राच्या काळात कोइमतूरचे संकरित वाण आले. प्रथम को ४१९ आणि नंतर को ७४० यांनी शेते व्यापली. को ७४० उत्पादनाला आणि साखरेला चांगला, पण काणीला सहज बळी पडणारा होता. कारखान्यांचे क्षेत्र त्याच वाणाखाली आल्यावर रोगाला सलग रान मिळाले.

यावर उपाय बेण्यात शोधण्यात आला. बाष्पयुक्त उष्ण हवेत ५४ अंश सेल्सिअसला सुमारे अडीच तास ठेवलेले बेणे मूलभूत मानून त्यापासून पायाभूत व पुढे प्रमाणित बेणे वाढविण्याची त्रिस्तरीय योजना पाडेगाव, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट (स्थापना १९७५) आणि कारखाने यांच्यामार्फत रुजली. पाडेगावहून १९९६ मध्ये प्रसारित झालेला को ८६०३२ काणीला तुलनेने प्रतिकारक होता. त्यानेही राज्यातील मोठे क्षेत्र व्यापले. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये २००६ साली काणी प्रथम आढळली, तेव्हा तेथील बागायतदारांना लागवडीतील बहुतेक वाण अल्पावधीत बदलावे लागले. एवढ्या घाईचा खर्च सोसणे खोडव्यावर हिशेब बसविणाऱ्या दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याला शक्य नसते.