सोलापूर–मुंबई : अंतर व प्रवासकाल

सोलापूर ते मुंबई हे अंतर मोजणाऱ्यागणिक बदलते. दोन्ही विमानतळ नकाशावर सरळ रेषेने जोडले, तर ते सुमारे 360 किमी. म्हणजे 195 सागरी मैलांच्या आसपास भरते. पुण्यावरून जाणारा रस्ता सुमारे 400 किमी.चा आहे, तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचा लोहमार्ग सुमारे 455 किमी.चा. मोहोळहून निघालेला रस्ता टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण असा बराच सरळ पुण्याकडे जातो. रेल्वे मात्र कुर्डुवाडी, जेऊर, दौंड असा वळसा घेते. पुढे सह्याद्री उतरायला दोघांनाही बोरघाटच लागतो.

रेल्वे सोलापुरात 1860 मध्ये आली. बोरघाटातील मार्ग 1863 मध्ये खुला झाला, तेव्हा कुठे मुंबईपर्यंतचा प्रवास सलग झाला. सिद्धेश्वर एक्स्प्रेस हे अंतर सुमारे आठ तासांत कापते. 10 फेब्रुवारी 2023 रोजी सुरू झालेली वंदे भारत एक्स्प्रेस तेच साडेसहा तासांच्या आसपास.

विमानाला एवढ्या अंतरासाठी सुमारे एक तास पुरतो. ताशी 500 किमी. वेगाच्या पंख्याच्या विमानाने 360 किमी.चा हिशेब 43 मिनिटांचा होतो. पण चढण, उतरण, धावपट्टीपर्यंतची चाल आणि मुंबईच्या आकाशातली गर्दी या हिशेबात धरलेली नसते. जेट विमानाचा वेग बराच जास्त असला, तरी इतक्या कमी पल्ल्यात ते पूर्ण वेगाने फार वेळ उडत नाही. त्यामुळे फरक काही मिनिटांचाच पडतो.

एक तासाची ही सोय सोलापूरला फार उशिरा लाभली. होटगी रस्त्यावरील विमानतळ जुनाच. तेथून मुंबईसाठी किंगफिशरची सेवा काही काळ चालली आणि बंद पडली. पुढे सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची सुमारे 90 मीटर उंचीची चिमणी उड्डाणाच्या वाटेतला अडथळा ठरली. चिमणी राहावी की विमान यावे, या वादाने शहराचे राजकारण काही वर्षे तापलेले होते. ऊस घालणारे सभासद आणि विमान मागणारे व्यापारी, दोघांनाही आपापले कारण होते. अखेर 15 जून 2023 रोजी ती स्फोटकांनी पाडण्यात आली. 29 सप्टेंबर 2024 रोजी विमानतळाचे लोकार्पण झाले. 9 जून 2025 पासून गोव्याची, तर 15 ऑक्टोबर 2025 पासून मुंबईची सेवा सुरू झाली.

विमानतळ गावातच असल्याने सोलापुरात वेळ फारसा मोडत नाही, तो मोडतो मुंबईत. उड्डाणापूर्वीची हजेरी, सामानाची वाट पाहणे आणि विमानतळापासून दक्षिण मुंबईपर्यंतचा रस्ता धरला, तर घरापासून कामाच्या ठिकाणापर्यंत चार तास सहज लागतात. सकाळी दहाला मंत्रालयात काम असेल, तर रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस अजूनही सोयीची पडते.