जुने साचे, नवी आज्ञावली : मराठी संकेतस्थळांच्या नूतनीकरणात आधी मजकूर वाचवणे आवश्यक

गेल्या शतकाच्या अखेरीस आणि २००० नंतरच्या दशकात तयार झालेली अनेक मराठी संकेतस्थळे जुन्या साच्यांवर, म्हणजेच टेम्प्लेटवर उभारण्यात आली. संस्थांचे अहवाल, ग्रंथालयांच्या सूच्या, दिवाळी अंक, वृत्तपत्रांतील लेख असा मोलाचा ऐवज अशा पानांत साठलेला आहे. ही पाने आजच्या संकल्पन आज्ञावलीत उघडून त्यांची सफाई केली, तर मांडणी सुधारण्याआधी मराठी मजकूरच अवाचनीय होण्याचा धोका असतो. म्हणूनच या कामात साधनांपेक्षा क्रमाला अधिक महत्त्व आहे.

वेलचेरी आणि बदललेला ब्राउझर

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात आंतरजाल सेवा सर्वसामान्यांसाठी खुली केली. त्यानंतर आपल्याकडे जी संकेतस्थळे निघाली, त्यांपैकी बरीचशी मायक्रोसॉफ्टच्या फ्रंटपेज किंवा मॅक्रोमीडियाच्या ड्रीमवीव्हर या आज्ञावलींत तयार झाली. ब्राउझर हे तेव्हा केवळ पान दाखवणारे साधन होते.

हे चित्र बदलणाऱ्यांत चेन्नईच्या दक्षिणेकडील वेलचेरी या उपनगराचाही वाटा आहे. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या अ‍ॅडव्हेंटनेट या कंपनीचे कार्यालय त्या काळात येथे होते. कंपनीने २००५ मध्ये झोहो रायटर हा ब्राउझरमध्येच चालणारा लेखनमंच सुरू केला आणि २००९ मध्ये झोहो कॉर्पोरेशन हे नाव धारण केले. अशा सेवांमुळे ब्राउझर हे काम करण्याचे व्यासपीठ बनले. मजकूर एका ठिकाणी आणि त्याची सजावट दुसऱ्या ठिकाणी ठेवण्याची पद्धत रूढ झाली. जुन्या साच्यांत मात्र मजकूर व सजावट एकमेकांत गुंतलेली होती. आजच्या अडचणींचे मूळ येथेच आहे.

साचे का फुगले?

सजावटीचे नियम स्वतंत्र ठेवणारी सीएसएस ही पद्धत डिसेंबर १९९६ मध्ये प्रमाणित झाली. परंतु ब्राउझरांनी ती पूर्णपणे स्वीकारण्यास अनेक वर्षे घेतली. तोपर्यंत संकल्पनकारांनी तक्त्यांचा आधार घेतला. एका तक्त्यात दुसरा, दुसऱ्यात तिसरा अशी रचना करून स्तंभ पाडले जात. मोकळी जागा राखण्यासाठी एका बिंदूएवढे पारदर्शक चित्र ताणून बसवले जाई. मोठ्या चित्राचे तुकडे करून ते तक्त्याच्या चौकटींत जुळवले जात.

यात भर पडली ती फॉन्टच्या टॅगची. फॉन्टचे नाव, आकार व रंग सांगणारी एक टॅगजोडी सुमारे ५५ अक्षरांची होते. पानावर अशा २०० चौकटी असल्या, की ११ हजार अक्षरे केवळ त्यांवरच खर्च होतात. ५६ किलोबिट वेगाच्या दूरध्वनी जोडणीवर १०० किलोबाइटचे पान उतरण्यास किमान १४ सेकंद लागत. आज वेग वाढला असला, तरी भ्रमणध्वनीच्या अरुंद पडद्यावर ठरावीक रुंदीचे हे तक्ते मावत नाहीत.

नव्या आज्ञावलीत काय बिघडते?

फ्रंटपेजची शेवटची आवृत्ती २००३ ची. तिच्यातील अभ्यागत गणक, शोधपेटी यांसारखे घटक सर्व्हरवरील विशेष विस्तारांवर अवलंबून होते. ते विस्तार नसलेल्या सर्व्हरवर हे घटक निष्क्रिय राहतात. ड्रीमवीव्हर २००५ च्या अखेरीस अ‍ॅडोबीकडे गेले. २००७ च्या सीएस३ आवृत्तीत आलेले स्प्राय हे तयार घटक २०१३ च्या सीसी आवृत्तीतून वगळण्यात आले. अ‍ॅडोबीने फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी थांबवल्याने त्यावर आधारलेली शीर्षके व सूच्या रिकाम्या दिसतात.

काही बिघाड सूक्ष्म असतात. जुन्या पानाच्या आरंभी प्रकारघोषणा नसल्यास ब्राउझर ते जुन्या रीतीने दाखवतो. नवी आज्ञावली ही घोषणा जोडते, ब्राउझर काटेकोर नियम लावतो आणि जुळवलेल्या चित्रांच्या तुकड्यांमध्ये बारीक फटी दिसू लागतात. याचे कारण असे, की चित्र हे ओळीतील अक्षराप्रमाणे आधाररेषेवर बसवले जाते आणि खाली अक्षरांच्या शेपटांसाठी जागा सोडली जाते. यात नव्या आज्ञावलीचा दोष नसतो.

मराठी मजकुराला विशेष धोका

देवनागरीचा समावेश युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. परंतु घरगुती संगणकांवर तो सुलभ होण्यास २००० नंतरचा काळ उजाडला. तोवर श्रीलिपी, आकृती, शिवाजी आदी फॉन्ट प्रचलित होते. त्यांत रोमन अक्षरांच्या व चिन्हांच्या जागी मराठी आकृत्या बसवलेल्या असत आणि प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी असे. संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच. तो मराठी आहे आणि कोणत्या फॉन्टमधील आहे, याची नोंद प्रामुख्याने त्या फॉन्ट टॅगमध्येच असे.

सफाईची साधने नेमके हेच टॅग निरुपयोगी ठरवून काढू शकतात. इंग्रजी पानावर त्याने काही बिघडत नाही. मराठी पानावर मात्र मजकुराची किल्लीच हरवते. इंग्रजी व मराठी मिश्र असलेल्या परिच्छेदात कोणता शब्द कोणत्या भाषेतील, हेही मग कळेनासे होते. दुसरा धोका जतन करण्याच्या पद्धतीचा आहे. जुनी फाइल युटीएफ-८ समजून उघडली, तर न ओळखलेल्या चिन्हांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. ती तशीच जतन केल्यास मूळ चिन्हे परत मिळत नाहीत.

तमिळ भाषेलाही याच प्रश्नाला सामोरे जावे लागले. फेब्रुवारी १९९९ मध्ये चेन्नईत झालेल्या तमिळनेट ९९ परिषदेनंतर तमिळनाडू शासनाने टॅम व टॅब या समान सांकेतिक पद्धती स्वीकारल्या. २०१० मध्ये युनिकोडला मान्यता देण्यात आली. ज्या मजकुराची पद्धत निश्चित ठाऊक असते, त्याचे रूपांतर यंत्राद्वारे करता येते.

कामाचा योग्य क्रम

१. संकेतस्थळाची संपूर्ण प्रत काढून ती अस्पर्शित ठेवावी. तपासणी व दुरुस्ती दुसऱ्या प्रतीवर करावी.

२. प्रत्येक पानातील फॉन्टची नावे व वर्णसंचाची नोंद यांची यादी करावी. ते फॉन्टही जपून ठेवावेत.

३. प्रत्येक फॉन्टसाठी स्वतंत्र कोष्टक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणावा. ह्रस्व वेलांटी व रफार विशेष तपासावेत. जुन्या फॉन्टमध्ये ‘किल्ला’ शब्दातील वेलांटी ‘क’च्या आधी टंकित होई, तर ‘सूर्य’ शब्दातील रफार ‘य’नंतर, युनिकोडमध्ये हा क्रम उलट असतो.

४. त्यानंतरच तक्ते, पारदर्शक चित्रे आणि फॉन्ट टॅग काढावेत. आकडेवारीचे खरे तक्ते मात्र तक्ते म्हणूनच राहू द्यावेत.

५. शुद्ध मजकूर नव्या साच्यात भरावा, शीर्षकांना शीर्षकाचे टॅग द्यावेत आणि पानाची भाषा मराठी असल्याची नोंद करावी. जुने पत्ते नव्या पानांकडे वळवावेत.

जुना साचा नव्या आज्ञावलीत जसाच्या तसा चालवण्याचा आग्रह धरल्यास श्रम वाढतात आणि दोष कायम राहतात. साचा टाकून देता येतो, मजकूर नाही.

हा प्रश्न केवळ देखणेपणाचा नाही. जुन्या फॉन्टमधील मजकूर शोधयंत्रांना सापडत नाही आणि दृष्टिहीन वाचकांसाठीची पडदावाचक आज्ञावली तो निरर्थक रोमन अक्षरे म्हणून वाचते. शासकीय संकेतस्थळांसाठी सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने माहितीची सुगम्यता हा हक्क मानला आहे. मजकूर युनिकोडमध्ये आल्यावरच तो हक्क मराठी वाचकाला प्रत्यक्षात मिळू शकतो.