मेंदूपेशींचा अभ्यास, हैदराबादेतील

मेंदू आणि चेतासंस्था ज्या पेशींची बनलेली असते, त्यांचे कार्य व त्यांतील बिघाड यांचा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हैदराबाद शहरात झालेला अभ्यास. युरोपात हे शास्त्र सूक्ष्मदर्शकाखाली जन्मले. हैदराबादेत ते भूल देण्याच्या प्रयोगांतून, एकाच धान्यावर जगणाऱ्या गरिबांच्या आजारांतून आणि विद्यापीठातल्या जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून वाढले. शहराचे वेगळेपण या वाटेत आहे, म्हणून पुढील नोंदीत संस्थांच्या यादीपेक्षा त्या वाटेलाच अधिक जागा दिली आहे.

मेंदूतील पेशी : माणसाच्या मेंदूत दोन मोठी पेशीकुळे असतात : चेतापेशी आणि आधारपेशी, म्हणजेच ग्लिया. ब्राझीलच्या सुझाना हर्कुलानो-हाउझेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीनुसार प्रौढ मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात आणि आधारपेशीही जवळपास तेवढ्याच भरतात. आधारपेशी दसपट असतात, हे त्याआधी कितीतरी वर्षे पाठ्यपुस्तकांत छापले जात होते. चेतापेशींपैकी सुमारे ६,९०० कोटी एकट्या अनुमस्तिष्कात, म्हणजे लहान मेंदूत, असतात. भाषा, विचार, हेतुपुरस्सर हालचाल ज्यावर अवलंबून असते त्या मेंदूच्या बाह्यकाच्या वाट्याला सुमारे १,६०० कोटी येतात.

चेतापेशीला पेशीकाया, संदेश घेणाऱ्या वृक्षिका आणि संदेश पुढे नेणारा अक्षतंतू असे तीन भाग असतात. पायांच्या हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या बाह्यकातील पेशींचे अक्षतंतू डोक्यातून निघून थेट पाठीच्या कण्यात कमरेजवळ उतरतात आणि तिथे दुसऱ्या चेतापेशीला संदेश देतात. ती दुसरी पेशी स्नायूपर्यंत जाते. अक्षतंतूतून संदेश विजेच्या रूपात धावतो, दोन पेशींच्या भेटीच्या जागी, म्हणजे चेतासंधीपाशी, मात्र तो रसायनाच्या रूपात पलीकडे जातो. मेंदूतील उत्तेजक संदेशांचे मुख्य रसायन ग्लुटामेट हे आहे. चेतासंधीपाशी सांडलेले ग्लुटामेट उचलून घेण्याचे काम आधारपेशींपैकी तारकापेशी करतात. ते वेळेवर उचलले गेले नाही तर चेतापेशी अतिउत्तेजित होऊन मरू शकते. ऑलिगोडेंड्रोसाइट अक्षतंतूंभोवती मायलिनचे वेष्टन घालतात, आणि मायक्रोग्लिया मृत पेशी व जंतू यांचा निकाल लावतात.

युरोपातील पूर्वपीठिका : ब्रेस्लाउच्या पुर्किन्ये याने १८३७ मध्ये अनुमस्तिष्कातील मोठ्या पेशींचे वर्णन केले. बर्लिनच्या फिरखोने १८५६ च्या सुमारास चेतापेशींमधल्या भरावाला ग्लिया हे नाव दिले. तो भराव केवळ पेशींना सांधून ठेवणारा लेप आहे, अशी त्याची समजूत होती. खरी अडचण रंगाची होती. मेंदूचा काप सगळाच्या सगळा रंगवला की तंतूंच्या गुंत्यात एकही पेशी सुटी दिसत नसे. उत्तर इटलीतल्या अब्बियातेग्रासो गावी असाध्य रोग्यांच्या आश्रमात नोकरीला असलेल्या कामिल्लो गोल्जीने १८७३ मध्ये पोटॅशियम डायक्रोमेट व सिल्व्हर नायट्रेट वापरून अशी पद्धत शोधली, की शेकडा मोजक्याच पेशी काळ्या होत, पण त्या टोकापर्यंत पूर्ण दिसत. याच वर्षी इटलीतच नेपल्सच्या कान्तानीने लाखोळीच्या जातीची कडधान्ये खाल्ल्याने येणाऱ्या पांगळेपणाला लॅथिरिझम हे नाव दिले. या दोन घटनांचा तेव्हा एकमेकींशी संबंध नव्हता. तो जुळायला जवळजवळ शंभर वर्षे जावी लागली आणि त्या जुळणीत हैदराबादचा वाटा आहे.

गोल्जीची पद्धत स्पेनच्या सान्तियागो रामोन इ काहालने उचलली. १८८८ मध्ये बार्सिलोनात पक्ष्यांच्या अनुमस्तिष्काचे काप पाहून त्याने प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र असते, तिचे तंतू शेजारणीला टेकतात पण तिच्यात मिसळत नाहीत, असे मांडले. वाल्डायरने १८९१ मध्ये हा सिद्धान्त न्यूरॉन या नावानिशी रूढ केला आणि इंग्लंडच्या शेरिंग्टनने १८९७ मध्ये पेशींच्या भेटीच्या जागेला सिनॅप्स म्हटले. गोल्जीला हे मान्य नव्हते. सगळे तंतू मिळून एकच जाळे होते, या मतावर तो ठाम राहिला, आणि १९०६ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले तेव्हाही त्याने आपल्या भाषणात काहालच्या सिद्धान्ताला विरोधच केला. दोन पेशींमधली फट डोळ्यांना दिसली ती १९५० च्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली. मायक्रोग्लिया व ऑलिगोडेंड्रोसाइट या पेशी १९१९ ते १९२१ च्या दरम्यान काहालचाच देशबांधव देल रिओ-ओर्तेगा याने वेगळ्या ओळखल्या.

क्लोरोफॉर्म आयोग : काहालचा निबंध आला त्याच वर्षी, १८८८ मध्ये, क्लोरोफॉर्मच्या भुलेत मृत्यू कशाने येतो हे तपासण्यासाठी हैदराबादेत पहिला क्लोरोफॉर्म आयोग बसला. रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी हे एडिंबरोच्या जेम्स साइम यांचे शिष्य. क्लोरोफॉर्म देताना नाडीकडे पाहू नका, श्वासाकडे पाहा, ही साइम यांची शिकवण. लंडनच्या डॉक्टरांचे म्हणणे उलट होते : भुलेत माणूस दगावतो तो हृदय बंद पडून. पहिल्या आयोगाचा निष्कर्ष लॉरींच्या बाजूने लागला, तेव्हा ‘लॅन्सेट’ने शंका घेतली. त्यावर सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने खर्च उचलून लंडनचा तज्ज्ञ बोलावला आणि १८८९ मध्ये लॉडर ब्रंटन यांच्या सहभागाने दुसरा आयोग झाला. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. हैदराबादेतच वैद्यक शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी यांचा या कामाशी संबंध होता. भूलतज्ज्ञ म्हणून काम करणाऱ्या जगातील पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते.

आयोगाचे म्हणणे असे, की क्लोरोफॉर्म आधी श्वसन थांबवतो आणि हृदय नंतर थांबते. याचा अर्थ, विष पहिल्यांदा मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेतील श्वसनकेंद्राच्या पेशींवर घाव घालते. हे अर्धसत्य ठरले. १९११ मध्ये लंडनच्या गुडमन लेव्ही यांनी हलक्या भुलेतही हृदयाच्या कप्प्यांची लय अचानक विस्कटून मृत्यू येऊ शकतो, हे दाखवले. तरी अधिक मात्रेने श्वसनकेंद्र बंद पडते, हा निष्कर्ष टिकला, आणि भूल देणाऱ्याने श्वासावरून नजर हटवू नये ही सवय वैद्यकात पक्की करण्यात या प्रयोगांचा हात आहे. लॉरींना पेशीत रस नव्हता; त्यांना रुग्ण वाचवायचे होते. पुढचे हैदराबादी संशोधनही याच प्रेरणेने झाले.

अन्न आणि चेतापेशी : रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी १९१८ मध्ये कुन्नूरला बेरीबेरीच्या चौकशीसाठी एक छोटी प्रयोगशाळा उघडली. बेरीबेरी हा थायमिनच्या अभावाने नसा निकामी करणारा रोग. ही संस्था १९५८ मध्ये हैदराबादला हलली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाते. तिचा पायाच नसांच्या एका आजारावर रचला होता, हे सहसा सांगितले जात नाही.

हैदराबादेत आल्यावर संस्थेसमोर उभ्या राहिलेल्या प्रश्नांपैकी एक होता पेलाग्राचा. नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावी होणाऱ्या या रोगात उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडते, जुलाब होतात आणि मन खचते. उपचार झाला नाही तर बुद्धिभ्रंश येतो. जगभर हा मका खाणाऱ्यांचा रोग मानला जाई, पण दख्खनच्या पठारावर तो ज्वारीच्या भाकरीवर भागवणाऱ्यांत आढळत होता. सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याचे कारण सुचवले : ज्वारीच्या प्रथिनात ल्युसिन हे अमिनो आम्ल फार असते आणि ते शरीरातील नायसिनच्या व्यवहारात अडथळा आणते. हा सिद्धान्त पुढे वादग्रस्त ठरला. मराठवाडा-सोलापूरच्या वाचकाने एवढे लक्षात घ्यावे, की दोष भाकरीचा नव्हता. भाकरीबरोबर डाळ, दूध, भाजी काहीच न मिळण्याचा तो दोष होता.

लाखोळीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आणि मेंदूपेशींच्या अभ्यासाच्या दृष्टीने कितीतरी मोलाचा आहे. विदर्भात लाख किंवा लाखोळी, उत्तरेत खेसरी म्हणून ओळखले जाणारे हे कडधान्य भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या जिल्ह्यांत पूर्वापार पिकते. उभ्या धानाच्या ओल्या बांधीत बी फेकले की नांगरणीशिवाय ते उगवते. पाऊस दगा देतो त्या वर्षी इतर पिके जातात आणि हे उरते. अशा वर्षी जेवणाचा मोठा हिस्सा दोन-तीन महिने सलग लाखोळीचाच राहिला, तर काहींच्या पायांत गोळे येऊ लागतात, गुडघे वाकलेलेच राहतात, चालताना पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकतात. काठीशिवाय चालता येत नाही. बुद्धी, बोलणे, संवेदना शाबूत असतात आणि माणूस वर्षानुवर्षे जगतो, पण पाय परत येत नाहीत. मध्य प्रदेशात रीवा-सतना भागात वेठबिगारांना मजुरी म्हणून खेसरीच दिली जाई, त्यामुळे हा रोग तिथे दुष्काळाशिवायही होता. १९६१ मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांखाली तिच्या विक्रीवर बंदी आली.

लाखोळीतले विष कोणते, हे १९६४ मध्ये कळले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एस. एल. एन. राव, पी. आर. अडिगा आणि पी. एस. सर्मा यांनी बियांतून एक अमिनो आम्ल वेगळे काढले. आज त्याला बीटा-ओडॅप म्हणतात. त्याच वर्षी दिल्लीतल्या एका गटालाही ते सापडले. राव पुढे हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात आले आणि त्यांनी आपले संशोधन-आयुष्य या एका रेणूला वाहिले. या रेणूची घडण ग्लुटामेटशी जुळते. चेतापेशीवरील ग्लुटामेटच्या ग्राहींपैकी अ‍ॅम्पा या प्रकाराच्या ग्राहींना तो चिकटतो आणि पेशीला गरज नसताना उत्तेजित करत राहतो. बाह्यकातून कण्यात उतरणारे, पायांच्या हालचालींचे लांब तंतू यात झिजतात. मेंदूतील ग्लुटामेट हितकारक आहे तसेच घातकही ठरू शकते, याचा माणसात दिसणारा इतका स्पष्ट पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळतो. त्याच डाळीवर जगणाऱ्या घरात एकाचे पाय जातात आणि दुसऱ्याचे राहतात, याचा उलगडा केवळ विषाच्या मात्रेने होत नाही. बाकीच्या आहारात काय आहे हेही पाहावे लागते. हेच आम्ल चिनी औषधातल्या जिनसेंगच्या जातींतही असते, याकडे राव यांनी लक्ष वेधले होते.

पोषण संस्थेत गोपालन, व्ही. नागराजन व सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात डाळ निर्विष करण्याच्या साध्या रीती तपासल्या : डाळ भरपूर गरम पाण्यात भिजवायची आणि ते पाणी फेकून द्यायचे. बराचसा ओडॅप पाण्यात उतरतो, त्याबरोबर काही जीवनसत्त्वेही जातात. रीत खरी होती. पण ज्या वर्षी लोकांना लाखोळीवर दिवस काढावे लागत, त्याच वर्षी त्यांच्याकडे पाणी आणि सरपण सर्वांत कमी असे. या रोगाचे निवारण प्रयोगशाळेपेक्षा अधिक करून सिंचन, रोजगार आणि रास्त भावातल्या धान्याने झाले, असेच म्हणावे लागते.

वार्धक्य आणि चेतापेशी : हैदराबाद विद्यापीठ १९७४ मध्ये स्थापन झाले. तेथील कल्लुरी सुब्बा राव यांनी चेतापेशीचे म्हातारपण हा विषय हाती घेतला. बहुतेक चेतापेशी जन्मानंतर विभागत नाहीत. कातडीची पेशी खराब झाली तर तिच्या जागी नवी येते. चेतापेशीला तोच डीएनए आयुष्यभर दुरुस्त करत राहावे लागते. ही दुरुस्ती वयाबरोबर मंदावते का, हा त्यांचा प्रश्न होता.

त्यासाठी पांढऱ्या उंदरांच्या मेंदूतून चेतापेशी आणि तारकापेशी वेगवेगळ्या काढाव्या लागत. मेंदूचा भाग बारीक जाळीतून गाळून, वेगवेगळ्या घनतेच्या द्रावणांत फिरवून पेशींचे थर सुटे केले जात. हे काम नाजूक असते. अख्खा मेंदू वाटून मोजमाप केले तर कोणत्या पेशीत काय घडले ते कळत नाही. काही दिवसांची पिल्ले, सहा महिन्यांचे प्रौढ आणि दोन वर्षांपलीकडचे म्हातारे उंदीर अशी तुलना केली असता, म्हाताऱ्या चेतापेशींच्या डीएनएत तुटलेल्या जागा साचतात आणि त्या भरून काढणाऱ्या डीएनए पॉलिमरेज बीटा या एन्झाइमचे काम घटते, असे दिसले. २००५ मध्ये या गटाने त्यापुढचे पाऊल प्रसिद्ध केले : म्हाताऱ्या चेतापेशींच्या अर्कात बाहेरून पॉलिमरेज बीटा आणि लायगेज घातले, तर डीएनएतील खाच पुन्हा भरली जाते. म्हणजे दुरुस्तीची यंत्रणा मोडलेली नसते; तिच्यात दोन घटकांची वाण पडलेली असते. हा निष्कर्ष परीक्षानळीतला आहे. ही एन्झाइमे जिवंत मेंदूत पोचवायची तर रक्त-मेंदू अडसर ओलांडावा लागतो, आणि तो मोठ्या प्रथिनांना सहजी आत घेत नाही.

मेंदूचा नकाशा : पेशींखेरीज अख्ख्या मेंदूचे मोजमापही या शहरात झाले. २०१९ मध्ये हैदराबादच्या ट्रिपल आयटीतील जयंती शिवस्वामी यांच्या गटाने तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेसह ‘आयबीए १००’ हा भारतीय मेंदूचा नकाशा सादर केला. ५० पुरुष आणि ५० स्त्रियांच्या एमआरआय चित्रांवरून तो काढला आहे. लांबी, रुंदी, उंची व आकारमान पाहता सरासरी भारतीय मेंदू पाश्चात्त्य, चिनी आणि कोरियन नमुन्यांहून लहान भरला. याचा बुद्धीशी काही संबंध नाही. संबंध निदानाशी आहे : डॉक्टरांच्या यंत्रातला तुलनेचा नमुना माँट्रियलमध्ये तयार झालेला असेल, तर निरोगी भारतीय मेंदूही आक्रसलेला वाटण्याचा धोका राहतो. नकाशासाठी निवडलेले शंभरही जण तरुण होते. म्हणून वयस्क रुग्णाचे चित्र त्याच्याशी थेट ताडून पाहता येत नाही. त्यासाठी प्रत्येक वयोगटाचा वेगळा नकाशा लागतो.