दार कोणी लावायचं?

कॅम्पस सुरक्षेचा इतिहास म्हणजे कायदे आणि समित्या असं वाटतं. वाचायला बसलं की मात्र सारखी दारंच समोर येतात.

१९८६. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात, लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात एका विद्यार्थिनीचा खून झाला. खुनी आत शिरला तो आपोआप बंद होणाऱ्या दारांतून. येणंजाणं सोपं व्हावं म्हणून मुलांनीच ती अडकण लावून उघडी ठेवलेली! पण आवारात आधी काय काय घडलंय, हे विद्यापीठाने तरी मुलांना कुठे सांगितलं होतं? आईवडिलांच्या पाठपुराव्यातून १९९० मध्ये कायदा झाला. तिच्याच आडनावावरून त्याला आज क्लेरी कायदा म्हणतात. गुन्ह्यांचे आकडे जाहीर करा, धोका असेल तर वेळेत सावध करा.

आता ‘वेळेत’ म्हणजे किती? १६ एप्रिल २००७, व्हर्जिनिया टेक. सकाळी सव्वासातला वसतिगृहात दोघांना गोळ्या घातल्या गेल्या. पोलीस भलत्याच माणसाच्या मागावर, अधिकारी बैठकीत. पहिला ईमेल गेला ९:२६ ला, आणि त्यात कोणी दगावल्याचा उल्लेखही नव्हता. पंधराएक मिनिटांत नॉरिस हॉलमध्ये गोळीबार सुरू झाला. त्या दिवशी एकूण ३२ जण मारले गेले.

नॉरिसच्या वर्गांना आतून कुलूप नव्हतं. खोली २०५ मधल्या मुलांनी दाराला टेबल लावून ते रेटून धरलं. दारातून गोळ्या आल्या, तरी आतले सगळे वाचले. त्यांचं कौतुक करताना प्रशासन सुटतं, ते मला पटत नाही. जबाबदारी सगळ्यांची म्हणायची, तर माहिती दोन तास मोजक्यांकडेच का?

२००८ मध्ये कायदा बदलला. सूचना ताबडतोब, आणि यंत्रणेची दरवर्षी चाचणी.