नसलेल्या पुस्तकाचं संग्रहालय

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

शाळेची सहल म्हटली की आपल्याला किल्ला आठवतो, धरण आठवतं, डब्यातल्या पुऱ्या आठवतात. दक्षिण कोरियातल्या चोंगजू या शहरात शाळेच्या मुलांना एका पुस्तकाच्या गावी नेतात. पुस्तकाचं नाव ‘जिकजी’. ते छापलं गेलं १३७७ साली, धातूच्या सुट्या खिळ्यांनी. गुटेनबर्गचं बायबल १४५५च्या सुमाराचं, म्हणजे जिकजी त्याच्याहून अठ्ठ्याहत्तर वर्षांनी वडील! धातूच्या खिळ्यांनी छापलेलं, आज हाती असलेलं जगातलं सर्वांत जुनं पुस्तक म्हणून त्याची ओळख आहे.

गंमत पुढेच आहे. संग्रहालयात ते पुस्तक नाही. काचेखाली आहे ती प्रतिकृती. मूळ प्रत पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

पेगुन नावाच्या वृद्ध भिक्षूने हे पुस्तक संकलित केलं. त्याच्यामागे सोकचान आणि दालदाम या शिष्यांनी ते छापलं आणि म्योदोक नावाच्या भिक्षुणीने त्याला आर्थिक साहाय्य दिलं. त्यात आपल्या भारतातल्या अठ्ठावीस बौद्ध आचार्यांची वचनंही आहेत. आपला ‘ध्यान’ हा शब्द चीनमध्ये ‘चान’ झाला आणि कोरियात ‘सॉन’. त्या पंथाचंच हे पुस्तक.

शेवटच्या पानावर छपाईचं ठिकाण दिलं आहे: चोंगजू गावाबाहेरचा हुंगदोक मठ. पण मठ नेमका कुठे होता, याचा पत्ता कुणालाच नव्हता. १९८५ साली घरांच्या वसाहतीसाठी जमीन खणताना जुने अवशेष निघाले. त्यांत तासासारख्या वाजवायच्या काशाच्या थाळीचा तुकडा होता आणि त्यावर मठाचं नाव कोरलेलं होतं. पुस्तक सातासमुद्रापार आणि छापखान्याची जागा बुलडोझरखाली! त्या जागेला लागूनच १९९२ साली संग्रहालय उघडलं.

तिथे मुलांना खिळे कसे पाडत, ते पुतळ्यांच्या देखाव्यांतून दाखवतात. आधी मधमाशांच्या मेणात अक्षर उलटं कोरायचं. अशी अक्षरं मेणाच्या एका दांड्याला फांद्यांसारखी चिकटवायची, वरून मातीचं लिंपण करायचं, तापवून मेण काढून टाकायचं आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. थंड झाल्यावर माती फोडली की धातूचं झाड हाती येतं, आणि त्याला फळांऐवजी अक्षरं लागलेली असतात.

मला हे वाचताना आमच्या गावातला छापखाना आठवला. माझा पहिला कवितासंग्रह खिळ्यांवरच जुळवला गेला. जुळारी काका उलटी अक्षरं सुलट्यासारखी सरसर वाचत. एका कवितेत एक अक्षर डोक्यावर उभं राहिलं आणि तसंच छापलं गेलं. तेव्हा मी त्यांच्यावर बराच चिडलो होतो. आता कळतं, जिकजीतही काही अक्षरं उलटी पडली आहेत, ओळी वाकड्या आहेत, शाई कुठे गडद, कुठे फिकी आहे. आणि अभ्यासक त्याच चुकांवरून सांगतात की हे लाकडी ठोकळ्यावर कोरलेलं पान नव्हे, सुटे खिळे जुळवून केलेलं आहे. काका आज असते तर त्यांना हे ऐकवलं असतं.

आता मुलं विचारणारच, ‘मग आमचं पुस्तक चोरलं कुणी?’ इथे शिक्षकाची परीक्षा आहे. कारण हे पुस्तक लुटलेलं नाही. सोलमधले फ्रेंच मुत्सद्दी कोलँ द प्लान्सी यांनी ते आपल्या ग्रंथसंग्रहात घेतलं. १९११ साली पॅरिसच्या लिलावात आंरी व्हेव्हेर या जवाहिऱ्याने ते १८० फ्रँकला घेतलं. त्याच्या पश्चात १९५० साली ते ग्रंथालयात आलं. त्या ग्रंथालयात काम करणाऱ्या पार्क ब्योंग-सॉन या कोरियन विदुषीने त्याचं मोल ओळखलं आणि १९७२ साली ते जगापुढे आलं. १८६६ साली फ्रेंच सैनिकांनी कोरियातून नेलेले राजदरबारी ग्रंथ मात्र लूटच होती. ते २०११ साली परत आले, तेही कागदोपत्री उसनवारीवर. या दोन गोष्टींतला फरक मुलांना सांगितलाच पाहिजे. राग सोपा असतो, हिशेब अवघड.

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बढाईचंही तसंच. जिकजीने कोरियात घरोघरी पुस्तकं नेली नाहीत. हजारो चिनी अक्षरांचे खिळे पाडायचे, आणि वाचणारे मूठभर. कोरियाची स्वतःची सोपी लिपी सेजोंग राजाने १४४६ साली जाहीर केली, ती पुष्कळ नंतरची. आजची बहुतेक मुलं ती लिपी शिकलेली, त्यामुळे जिकजीचं पान त्यांना वाचता येत नाही. चित्रासारखं पाहावं लागतं.

दोन भागांपैकी एकच भाग उरला आहे आणि त्याचंही पहिलं पान गहाळ आहे. २००१ साली युनेस्कोने त्याला जागतिक स्मृतीच्या यादीत घेतलं. २०२३ साली पॅरिसच्या ग्रंथालयाने ते पुन्हा लोकांसमोर मांडलं, तब्बल पन्नास वर्षांनी. चोंगजूच्या मुलांसाठी उरते ती प्रतिकृती, आणि ती धातूची झाडं. त्यांच्यापुढे उभं राहून एखादं पोर आपल्या नावाचं अक्षर शोधतच असेल.