अंतर कोणी ठरवले? वल्ह्यांच्या शर्यतीतील स्त्रियांचा इतिहास

१५ मार्च १९२७. टेम्स नदीला ऑक्सफर्डमध्ये आयसिस म्हणतात. त्या आयसिसवर या दिवशी ऑक्सफर्ड आणि केंब्रिज विद्यापीठांच्या विद्यार्थिनींची पहिली नौका-शर्यत झाली. संघ दोन होते, नावाही दोन होत्या. मात्र दोन्ही नावा एकाच वेळी पाण्यात असता कामा नयेत, असे बंधन होते! स्त्रियांनी शेजारी-शेजारी जिवाच्या आकांताने वल्ही मारणे शोभत नाही, अशी त्या काळची समजूत. म्हणून एका फेरीत वेळ मोजायची आणि दुसऱ्या फेरीत वल्हविण्याची 'शैली' पाहायची, असा तोडगा निघाला. शैलीवर परीक्षकांचे एकमत होईना, तेव्हा निकाल अखेर घड्याळानेच दिला. ऑक्सफर्डचा संघ १५ सेकंदांनी जिंकला. काठावर हजारोंची गर्दी होती आणि तिच्यातले सगळेच काही कौतुकाने आलेले नव्हते.

या शर्यतीचे अंतर होते अर्धा मैल. पुरुषांची शर्यत १८२९ पासून चालत आलेली होती आणि ती लंडनमध्ये पटनी ते मॉर्टलेक अशी सुमारे ६.८ किलोमीटर होई. (मराठीत नौकानयन म्हटले की शिडाची होडीही त्यात येते, येथे विचार केवळ वल्ह्यांच्या शर्यतीचा आहे.) आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्यास १९२० मध्ये सुरुवात केली होती. केंब्रिजच्या विद्यार्थिनींना पूर्ण पदवीसाठी १९४८ पर्यंत थांबावे लागले. म्हणजे त्या दिवशी केंब्रिजसाठी वल्ही मारणाऱ्या मुली आपल्या विद्यापीठाच्या पूर्ण पदवीधरही होऊ शकत नव्हत्या.

तथापि हा खेळ केवळ विद्यापीठांतील सुखवस्तू मुलींचा होता, असा समज करून घेणे चूक ठरेल. १८९६ मध्येच लंडनच्या हॅमरस्मिथ भागात फ्रेडरिक जेम्स फर्निवल या विद्वानाने मुलींसाठी नौकानयन क्लब स्थापन केला होता. हेच फर्निवल ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाचे आरंभीचे एक संपादक. चहाच्या दुकानांत काम करणाऱ्या मुलींना त्यांनी वल्ही हाती दिली. पुरुषांना त्या क्लबात प्रवेश मिळाला तो काही वर्षांनंतर. पुढे १९३८ मध्ये अमेरिकेत अर्नेस्टिन बायर यांनी फिलाडेल्फियात स्त्रियांचा स्वतंत्र क्लब उभारला. त्यांचे पती ऑलिंपिक पदकविजेते वल्हेकरी होते.

क्लब निघाले, स्त्रिया पाण्यात उतरल्या; अंतराचा प्रश्न मात्र तसाच राहिला. १९५४ मध्ये स्त्रियांसाठी अधिकृत युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली, ती १००० मीटरची. पुरुष २००० मीटर वल्हवीत. स्त्रीचे शरीर दीर्घ श्रम सोसू शकत नाही, हा समज त्या काळी क्रीडाविश्वात सर्वत्र रुजलेला होता. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये ८०० मीटर धावून काही स्त्रिया दमलेल्या दिसल्या, एवढ्या कारणावरून ती शर्यत १९६० पर्यंत स्त्रियांसाठी बंद करण्यात आली होती. पुरुष धावपटूही शर्यतीनंतर जमिनीवर कोसळतात. त्यावरून कोणी त्यांची शर्यत बंद केल्याचे ऐकिवात नाही.

अंतर निम्मे केल्याने खेळाचे स्वरूपच पालटते. २००० मीटर वल्हवायला सहा ते आठ मिनिटे लागतात. प्रारंभीच सारी शक्ती खर्च केली तर शेवटच्या ५०० मीटरमध्ये नाव जागच्या जागी रेंगाळते. दम राखणे, लय धरणे, प्रतिस्पर्ध्याला जोखणे हे सारे त्यात येते. १००० मीटर मात्र साडेतीन-चार मिनिटांत संपते. तेथे आरंभापासून अंतापर्यंत सुसाट जाणे एवढाच डाव उरतो.

१९७६ हे वर्ष या इतिहासात निर्णायक ठरले. त्या वर्षी माँट्रियलमध्ये स्त्रियांचे नौकानयन ऑलिंपिकमध्ये प्रथमच येणार होते. पुरुषांना ते दालन १९०० मध्येच खुले झाले होते. अमेरिकेतील येल विद्यापीठात काही मुली त्यासाठी झटत होत्या. येलने पदवीपूर्व वर्गांत स्त्रियांना प्रवेश दिला होता तो १९६९ मध्ये. सरावाचे नौकागृह विद्यापीठापासून कित्येक मैल दूर, हूसाटॉनिक नदीवर. सराव संपला की पुरुष तेथील गरम पाण्याने अंघोळ करीत. स्त्रियांसाठी तशी सोय नव्हती. घामाने आणि नदीच्या तुषारांनी भिजलेल्या त्या मुली ऐन थंडीत बसमध्ये बसून पुरुषांचे आटोपण्याची वाट पाहत. तक्रारी झाल्या, आश्वासने मिळाली, हिवाळा मात्र सरत आला.

३ मार्च १९७६ रोजी क्रिस अर्न्स्ट यांच्या नेतृत्वाखाली १९ वल्हेकरी मुली स्त्रियांच्या क्रीडाविभागाच्या संचालिकेच्या कार्यालयात शिरल्या आणि त्यांनी अंगावरचे कपडे उतरविले. प्रत्येकीच्या उघड्या छातीवर आणि पाठीवर निळ्या शाईत 'टायटल नाइन' असे लिहिलेले होते. १९७२ च्या अमेरिकन कायद्यातील हे कलम. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला लिंगभेद करण्यास त्याने मनाई केली होती. अर्न्स्ट यांनी निवेदन वाचून दाखविले. ज्या शरीरांच्या जिवावर येल शर्यती लढते, ती शरीरे कशी थंडीने गोठतात, हे पाहा, असा त्याचा आशय होता. सोबत आणलेल्या पत्रकाराने वृत्त 'न्यूयॉर्क टाइम्स'कडे पोहोचविले आणि येलची अब्रू जगभर चव्हाट्यावर आली. पुढल्याच वर्षी नौकागृहात स्त्रियांसाठी सोय झाली. स्त्रीच्या शरीराचे कारण पुढे करूनच तिला इतकी वर्षे मागे ठेवले गेले होते. या मुलींनी तेच शरीर पुरावा म्हणून समोर ठेवले. त्यांच्यापैकी ॲन वॉर्नर त्याच उन्हाळ्यात माँट्रियलला गेल्या आणि आठ वल्ह्यांच्या नावेत अमेरिकेला कांस्यपदक मिळवून आल्या.

माँट्रियलमध्ये स्त्रियांच्या सहा शर्यती झाल्या, अर्थात १००० मीटरच्या. चार सुवर्णपदके पूर्व जर्मनीने नेली, दोन बल्गेरियाने. पूर्व जर्मनीच्या शासनाने विविध खेळांतील खेळाडूंना, त्यांत अल्पवयीन मुलींनाही, बरेचदा अंधारात ठेवून उत्तेजक संप्रेरके दिली, हे पुढे त्या राजवटीच्याच कागदपत्रांतून उघड झाले. स्त्रियांच्या नाजूकपणाच्या नावाखाली अंतर निम्मे करणाऱ्या क्रीडाविश्वात त्या मुलींच्या आरोग्याचा हा सौदा चालला होता.

१९८५ च्या जागतिक स्पर्धेत स्त्रियांना प्रथमच २००० मीटर मिळाले आणि १९८८ मध्ये सोल ऑलिंपिकमध्येही. टोकियोत पुरुष आणि स्त्रिया यांच्या शर्यतींची संख्या समान झाली, सात-सात.

ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या विद्यार्थिनींना मात्र पटनी-मॉर्टलेकचा मार्ग पुरुषांच्याच दिवशी मिळायला ११ एप्रिल २०१५ उजाडावे लागले. त्या दिवशीही ऑक्सफर्ड जिंकले. पुढल्या वर्षी नदी खवळलेली होती. वाटेत केंब्रिजच्या मुलींची नाव पाण्याने भरू लागली, जवळजवळ बुडालीच. ऑक्सफर्डचा संघ केव्हाच पुढे निघून गेला होता आणि शर्यत सोडून देण्याची मुभाही होती. केंब्रिजच्या मुलींनी ती नाव मॉर्टलेकपर्यंत वल्हवत नेली.